गाळातली जाईबाई

"हात द्या सायेब, नायतर अजून खाली जाल."

प्राध्यापक रमाकांत सबनीसांनी हात दिला नाही. छत्रीची दांडी पुढे केली. ओहोटीच्या शिवडी खाडीत ते गुडघ्यापर्यंत रुतले होते, बूट केव्हाच गाळात गेले होते. तासाभरापूर्वी काठावर त्यांनी याच बाईला, गाळात शिंपल्या वेचणाऱ्या जाईबाईला, विचारलं होतं, "राहतेस कुठे? कुणापैकी तू?"

"घोडपदेवला. दोन वर्सं झाली, आमी बौद्ध झालो."

"हं, म्हणजे पूर्वीचे..." उरलेला शब्द त्यांनी सुशिक्षित माणसासारखा गिळला होता. तो आता छत्रीच्या दांडीतून बाहेर आला.

जाईबाईने दांडी ओढली, तशी ती निसटून तिच्याच हातात आली.

"भरती लागली सायेब. आता काय ते ठरवा."

पाणी मांडीला लागल्यावर सबनीसांचा विटाळ संपला. तिने त्यांना दोन्ही हातांनी ओढून काढलं. घट्ट जमिनीवर येताच त्यांनी रुमालाने हात पुसले आणि शिकवायला सुरुवात केली.

"समुद्राची पातळी वाढली, पाणी सखल भागात शिरलं, की खाडी तयार होते. समजलं?"

"पावसात ठान्याकडनं गोडं पानी येतं. ते वर ऱ्हातं, खारं खाली," जाईबाई पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "दोन्ही भेटतात तिथं गाळ बसतो. तिवरांच्या मुळात बारकी मासळी वाढते, मग दर्यात जाते. ते बघा निवटे, मासा असून चिखलात चालतात. आनि ह्या तिसऱ्या, खायच्या शिंपल्या."

सबनीसांनी पाहिलं. वहीत काही लिहिलं नाही.

गिरणीतून कमी केल्यापासून सहा वर्षं जाईबाई या गाळावर जगत होती. तिसऱ्या, चिंबोऱ्या वेचायच्या, लालबागच्या बाजारात विकायच्या. एका कंपनीला तिथे भराव घालून गोदामं बांधायची होती आणि तज्ज्ञाचा अहवाल हवा होता. सबनीस तज्ज्ञ होते.

महिन्याभराने शेजारच्या जयवंतने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. "मावशी, तुजा सायेब लिवतो, 'सदर जागा निर्जीव चिखल असून तेथे उपयुक्त असे काहीही नाही.'"

संध्याकाळी जाईबाई काळाचौकीच्या सभेला गेली. संयुक्त महाराष्ट्राची सभा, आणि व्यासपीठावर सबनीस! नवे बूट, गळ्यात हार, आवाज टिपेला.

"मुंबईच्या मातीचा एक कणही आम्ही कुणाला देणार नाही!"

टाळ्या झाल्या. जाईबाई गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"सायेब, वळखलं का? निवटे दावले तुमाला, तिसऱ्या दावल्या. मंग काईच नाय म्हून कसं लिवलंत?"

सबनीसांनी तिला ओळखलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. "बाई, ही तात्त्विक सभा आहे. चिखलाचा विषय इथे नको."

"मुंबई आपली म्हनता. मंग तो चिखल कुनाचा?"

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. सबनीसांनी स्वयंसेवकाला खूण केली. "यांना जरा बाजूला घ्या."

स्वयंसेवकाने दंडाला धरलं. तिने त्याचा हात सोडवला. "सोड बाबा. मी तुमच्या सायबासारखी रुतलेली नाय. जाते माजी मी."

तिच्या पाठीमागे पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. मातीच्या कणावर सबनीस आणखी अर्धा तास बोलले.

दिवाळी सरल्यावर ट्रक आले. दगडमाती थेट तिवरांवर पडू लागली. मुकादम ओरडला, "ए बाई, हट तिथनं! आता काय मिळनार तुला?"

जाईबाईने वर पाहिलंही नाही. भरावाच्या कडेने वाकून तिने हाती लागल्या तेवढ्या तिसऱ्या वेचल्या. मग पाटी घेऊन ती दगडांना वळसा घालून पलीकडे गेली, जिथे अजून गाळ उघडा होता. उकिडवी बसून तिने पाटीतल्या बारक्या तिसऱ्या निवडून बाजूला केल्या आणि पुन्हा वाढाव्यात म्हणून अंगठ्याने एकेक करून ओल्या चिखलात दाबल्या. एक उलटी पडली होती. ती तिने सरळ करून लावली.