झोळीतलं पोर झोपत का नाही

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला येणारी बाई सहसा एकटी येत नसे. कडेवर तान्हं असायचं. खांबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, पोर आत ठेवायचं आणि चाळण हातात घ्यायची. भुकटी बाईच्या नाकात जायची तशी झोळीतही जायची. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात सोनुबाईचा अंबाजी आठ महिन्यांचा होता आणि म्हाताऱ्यासारखा खोकत होता.

त्याची बहीण बायाक्का नववीत. सुट्टी लागण्याआधी विज्ञानाच्या इंदुताई बाईंनी वर्गाला एक काम दिलं होतं. आपल्या गल्लीतली एक अडचण शोधा, तुमच्याच डोक्यानं दूर करा, आणि तुम्ही बाजूला झालात तरी चालेल असं काहीतरी उभं करा.

"बाई, म्हंजे नेमकं काय करायचं?" तिच्या वर्गातल्या, गल्लीतल्याच परशरामनं विचारलं.

"ते मला ठाऊक असतं तर मीच केलं नसतं का रे?"

बायाक्काला अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. तिनं आणि परशरामनं गल्लीतलं समाजमंदिर झाडलं, फरशी साबणानं धुतली, धुतलेल्या धोतरांच्या चार झोळ्या बांधल्या. मग घरोघर सांगत फिरली, पोरं वखारीत नेऊ नका, आमच्याकडं द्या. बायका हसल्या. दिलं ते एकट्या तिच्या आईनं, सोनुबाईनं, तेही अट घालून.

"शनिवारपतूर बघते. रडून रडून प्वार सुकाय लागलं तर माघारी न्हेनार. मग पुन्ना मला काय सांगायचं न्हाय."

बाकीच्या बायका सोनुबाईकडं बघत होत्या. तिनं पोर परत नेलं की सगळंच बुडणार, हे बायाक्काला कळत होतं.

सोमवारी अंबाजी रडला. मंगळवारीही रडला. दुपारी आई पाजायला आली की गप्प, ती वळली की पुन्हा टाहो. बायाक्कानं खुळखुळा वाजवला. परशरामनं गाणं म्हटलं. समाजमंदिराच्या पायरीवर म्हातारी मनुबाई बसलेली असायची. तीस वर्षं वखारीत चाळण हलवून छाती गेली, म्हणून काम सुटलेलं.

"आरं लेकरा," ती म्हणाली, "तू गातोस म्हनून रडतंय ते. मलाबी रडू याय लागलंय."

बुधवारी दोघं बाईंच्या घरी गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला विचारलंत का?"

"आठ महिन्याचं प्वार काय सांगनार, बाई?" परशराम म्हणाला.

"मग दुसऱ्या रीतीनं विचारा."

वाटेनं परशराम चिडला होता. बायाक्का मात्र विचारात पडली. वखारीत तर हाच अंबाजी ढाराढूर झोपतो. तिथं असं काय आहे, जे इथं नाही?

गुरुवारी ती वखारीत जाऊन रिकाम्या झोळीखाली बसली आणि डोळे मिटले. मुकादम म्हणाला, "काय गं, तप कराय लागलीस काय?" तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. अंधार, उकाडा, वास, आवाज. चार गोष्टी तिनं वहीत लिहिल्या.

आता एकेक करून बघायचं. समाजमंदिराच्या खिडकीला पोतं लावलं, अंधार झाला, अंबाजी रडतच राहिला. पोत्यानं उकाडाही वाढला, त्यानं तर जास्तच. वासासाठी आईचं कामावरचं लुगडं झोळीत घातलं, तर पोर ठसकलं. बायाक्कानं घाईनं ते काढलं आणि स्वतःवरच रागावली.

राहिला आवाज. तेव्हा तिला आठवलं, वखारीत बसल्या बसल्या तिचाही डोळा लागत होता. चाळीस चाळणी एका लयीत हलत होत्या!

शुक्रवारी तिनं घरची चाळण आणली, तीत ओंजळभर जोंधळे टाकले. परशराम हलवू लागला. अंबाजी क्षणभर थांबला आणि पुन्हा रडू लागला.

"पीठ चाळतोस व्हय रं?" मनुबाई पायरीवरनं उठून आत आली. "आन हिकडं. तंबाखूला दोन झोल आन एक थाप."

खस्स, खस्स, थप. खस्स, खस्स, थप. अंबाजीनं मान वळवली. आवाज कुठून येतो ते शोधत राहिला, आणि शोधता शोधताच त्याच्या पापण्या मिटल्या. आनंदानं ओरडू नये म्हणून परशरामनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

शनिवारी दुपारी सोनुबाई दाराशी आली, आवाज ऐकला आणि भडकली. "हितंबी तंबाखू आनलासा व्हय रं, मुडद्यांनो?"

"आक्का, हळू," परशराम कुजबुजला. "जोंधळं हाईत."

सोनुबाईनं चाळणीत बोटं घालून बघितली. मग झोळीत वाकली. पोर झोपलं होतं, छाती वाजत नव्हती. ती तिथंच फरशीवर बसली. झोळीला हात लावून म्हणाली, "शाळा सुरू झाली की चाळन कोन धरनार?"

बायाक्कानं परशरामकडं बघितलं. याचा तिनं विचारच केला नव्हता.

"का गं?" मनुबाई हात न थांबवता म्हणाली. "मी काय मेले?"

"तसं न्हाय, मावशी," सोनुबाई म्हणाली. " फुकट राबवून घ्यायचं न्हाय. झोळीमागं रोज एक मूठ जोंधळं देऊ."

"मूठ तुझी नको, माझी धर. तुझी लई बारकी."

सोनुबाई हसली. पोराला न उठवता तिनं पदर खोचला आणि वखारीकडं निघाली. कोपऱ्यावर वखारीतलीच नागुबाई भेटली, कडेवर तिचं तान्हं.

"प्वार कुठाय गं तुझं?"

"झोपलंय. सोमवारी तुझंबी आन."