शांतीबाईंच्या सत्काराचा बाजा

गोंदियाच्या मुर्री रस्त्यावरच्या राईस मिलमध्ये शांतीबाई नर्सचा कडकपणा सगळ्यांना पाठ होता. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवायच्या हौदात उतरायच्या आधी प्रत्येक बाईने मिलच्या दवाखान्यासमोर तळपाय उलटा करून दाखवायचा. चिरलेला, कुजलेला पाय दिसला की ती बाई त्या दिवशी घरी. या हट्टापायी शांतीबाईंनी मिलभरच्या शिव्या खाल्ल्या. पण इतक्या वर्षांत हौदातली एकही बाई जखम चिघळून मेली नाही, हेही शिव्या देणाऱ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून सत्तावन्न सालच्या चैत्रात त्या निवृत्त व्हायला निघाल्या, तेव्हा बायांनीच सत्कार ठरवला. हार घालायचा मान मनकर्णाबाईला दिला, कारण हौदातली सगळ्यात जुनी तीच.

मांडव पडला, बाजेवाले आले. मालक नंदलालशेटनी मोटार झेंडूने सजवली होती. पाहुणे साहेब अजून स्टेशनवर उतरायचे होते, पण बायांना तेवढा धीर नव्हता. मनकर्णाने हार घातला. रीतीप्रमाणे बाईंनी तिचं तोंड गोड करायला पेढा पुढे केला, तर तिचं तोंड उघडेना. लोकांना वाटलं, लाजून हसतेय. बाईंनी मात्र वाकून जवळून पाहिलं. ओठ ताणलेले होते आणि दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

"पाय दाखव," बाई म्हणाल्या.

मनकर्णा मागे सरली. आठवडाभर तिच्या पायांवर लालभडक माहूर, म्हणजे आळता, होता, भाचीच्या लग्नाचा म्हणून. जाता जाता कोणाची हौस कशाला मोडा, असं म्हणून बाईंनीही तळपाय उलटा करायला लावला नव्हता. आता त्यांनी पाणी घेऊन माहूर पुसला. टाचेत गंजक्या पत्र्याची काळी पडलेली चीर निघाली.

"काऊन लपवली वं?"

"तुमाले हार घालाचा होता जी," ती दातांतूनच बोलली. "दाखवली असती त तुमी मले घरी धाडलं असतं."

बाईंना तिला थोबाडीत द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. तेवढ्यात ताशावर काडी पडली आणि मनकर्णाचं अंग कमानीसारखं मागे वाकलं.

"बाजा बंद करा. धनुर्वात आहे हा. आवाज झाला का झटका येते, अन् झटक्यात जीव जाते. शेटजी, मोटार द्या."

"मोटार तो साहब को लाने जा रही है, बाई."

"साहेब टांग्यानं येतीन."

बाईंनी हार काढून खुर्चीवर टाकला. शेट काही म्हणायच्या आत ड्रायव्हर बिसरामने दार उघडलं होतं.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, अंधारी खोली मिळाली. आणखी एक मोठा झटका आला तर श्वास अडकेल, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी दवाखान्याच्या घंटेलाही फडकं बांधलं. पण मिलच्या भोंग्याचं काय? दुपारी मिल सुरू झालीच होती, आणि सुटीचा भोंगा अख्ख्या गोंदियाला ऐकू जायचा. शेटला त्याचा पोटच्या पोराहून जास्त अभिमान. भोंगा बंद ठेवा, असा निरोप बाईंनी बिसरामकडे दिला होता, पण उत्तर आलं नव्हतं. भर सत्कारातून उठून गेलेल्या नर्सचं शेट कशाला ऐकतील?

खिडकीच्या फटीतलं ऊन पिवळं झालं. बाईंनी मनकर्णाच्या कानांवर तळहात धरले आणि मनातल्या मनात देवाला, शेटला, स्वतःच्या आठवडाभराच्या मऊपणाला शिव्या घातल्या. आता वाजेल. आता.

वाजला नाही. भोंग्याची साखळी ओढायला निघालेल्या माणसापुढे बाया नुसत्या उभ्या राहिल्या आणि शेटचंही काही चाललं नाही, असं बिसरामने पुढे सांगितलं, मनकर्णा बरी होऊन घरी गेल्यावर. त्या वेळी बाईंना एवढंच कळलं की तिची छाती संथ वरखाली होत आहे.

थोड्या वेळाने रस्त्यावर अनवाणी पावलं वाजली. सुटी झाली की हसत, भांडत, एकमेकींना हाका मारत जाणाऱ्या बाया दवाखान्यावरून चालल्या होत्या, आणि एकीच्याही तोंडून शब्द निघत नव्हता. बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून.