मोज्यांबद्दल आभार

सांता क्लॉजशी माझं काही वाकडं नाही. माझं वाकडं आहे ते सुनेशी, ब्रिटाशी, आणि ते मी लपवतही नाही.

झालं असं. माझ्या नवऱ्यानं, ऑर्विलनं, नातीसाठी गोठा बनवला. खेळण्यातलाच, पण त्याला खेळणं म्हणायला माझी जीभ धजत नाही. शेत विकलं तेव्हा आमच्या गोठ्याचं जुनं दार तेवढं त्यानं ठेवून घेतलं होतं, त्या लाकडाचा. वर पेंढ्याचा माळा, पुढे सरकतं दार, आत आमच्याच अकरा गाई आणि प्रत्येकीच्या पोटाखाली तिचं नाव कोरलेलं. ऑर्विलचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा हिवाळा निघेल, पुढचं धरून चालू नका. दहा मिनिटं काम करायचा आणि अर्धा तास गॅरेजमधल्या खुर्चीत धापा टाकत बसायचा. जून ते डिसेंबर हेच. मी म्हणायची, "पुरे कर आता, दुकानातलं काहीतरी आणू." तर म्हणायचा, "आर्डिस, टेसा पाच वर्षांची आहे. माझा चेहरा तिच्या लक्षात राहायचा नाही. आजोबांनी गोठा केला होता, हे राहील."

ब्रिटाचा दंडक असा, की आजी-आजोबांनी नाताळच्या भेटी आधी तिच्या ताब्यात द्यायच्या, झाडाखाली तीच मांडणार. दिल्या बापड्या. नाताळच्या सकाळी गेलो, तर गोठ्यावर लाल फीत आणि चिठ्ठी, 'टेसाला, सांताकडून'. शेजारी आमच्या नावाचं एक चपटं पुडकं. त्यात तीन जोड मोजे. ते आम्ही आणलेसुद्धा नव्हते.

"सांतानं केला, सांतानं केला," म्हणत पोर गोठ्याभोवती नाचत होती. ऑर्विल जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सांताचा हात चांगला आहे हं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ब्रिटाला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, आमच्याकडे मोठी भेट सांताचीच असते," ती म्हणाली. "नाहीतर मुलं तुलना करायला लागतात, कुठल्या आजीनं काय दिलं. माझ्या आईलाही हाच नियम आहे."

"तुझ्या आईनं काय दिलं?"

"रंगपेटी."

"ती करताना धाप लागली होती का तिला?"

"तुम्ही ना, विषय कुठल्या कुठे नेता. तुमच्या नावानं काहीतरी असावं म्हणून मी मोजे ठेवलेच की."

म्हणजे उपकारच. आमचा मुलगा केंट तेवढा वेळ फ्रिजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होता. लग्न झाल्यापासून तो ते शोधतोच आहे.

मी टेसाला खरं का नाही सांगितलं, असं कुणी विचारेल. पाच वर्षांच्या पोरीला सांता नाही म्हणून सांगणाऱ्या बाईला आमच्या गावच्या चर्चमध्ये कुणी कॉफीसुद्धा विचारणार नाही. त्यात घरी परतताना ऑर्विलनं बजावलं, "पोरीचा सांता मोडायचा नाही. माझी शपथ आहे तुला." बसले तोंड शिवून.

जानेवारीत पाकीट आलं. भेट मिळाली की आठवड्याच्या आत आभाराची चिठ्ठी गेलीच पाहिजे, हा ब्रिटाचा आणखी एक दंडक. आत टेसाची वाकडीतिकडी अक्षरं: 'प्रिय आजोबा, मोज्यांबद्दल आभार. ते गरम आहेत.' ऑर्विलनं ती दोनदा वाचली आणि फ्रिजवर लावली. नंतर कॉफीसाठी दूध काढताना दर वेळी तो तिथं थबकायचा. तिसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि मनाशी म्हटलं, थांब बाई. आता काट्यानंच काटा काढते.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं पत्र लिहायला चार संध्याकाळी लागल्या. पाकिटावर घातलं, 'टेसा, आजोबांचं घर', आणि खाली आमचा पत्ता. आपल्या गावचा शिक्का नको म्हणून वीस मैल गाडी हाकून दुसऱ्या गावच्या पोस्टात टाकलं. तिसऱ्या दिवशी ते रीतसर आमच्या दारात आलं. फेब्रुवारीत टेसाचा वाढदिवस होता. मी ते पर्समध्ये जपून ठेवलं.

वाढदिवसाला चौदा माणसं होती, ब्रिटाची आईसुद्धा. केक कापून झाल्यावर मी पाकीट काढलं. "टेसा, हे चुकून आमच्याकडे आलं बघ. उत्तर ध्रुवाहून आलेलं दिसतंय."

पोर ते घेऊन धावत आईकडे गेली. "वाच ना, मोठ्यानं वाच." सगळे तिच्याकडे बघू लागले. आता वाचल्याशिवाय ब्रिटाची सुटका नव्हती. ती बोट फिरवत वाचू लागली.

'प्रिय टेसा, माझ्याकडून एक चूक झाली. तुझ्या घरी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.'

इथं ती अडखळली. मान तांबडीलाल झाली. मग म्हणाली, "शहाण्यासारखी वाग. तुझा, सांता."

"आई, तुझं बोट उडी मारून खाली गेलं," टेसा म्हणाली.

कुणीतरी हसलं. आणि मग जे मी स्वप्नातही धरलं नव्हतं ते झालं. केंट उठला, बायकोच्या हातातून कागद घेतला आणि पहिल्यापासून वाचला.

'गोठा मी केलेला नाही. मला तो करता येणारही नाही, असे सांधे जमणारा माणूस माझ्या कारखान्यात नाही. तो तुझ्या आजोबांनी सहा महिने खपून केला, त्यांच्या खऱ्या गोठ्याच्या दाराच्या लाकडातून. मी आणले ते मोजे. दुसऱ्याच्या कष्टांवर आपलं नाव लागलं की लाज वाटते, म्हणून कळवतो. तुझ्या आईला विचार, तिला माहीत आहे.'

टेसा ऑर्विलसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, तुम्ही केला?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

ऑर्विलनं माझ्याकडे बघितलं नाही. "सांताला वाईट वाटलं असतं."

टेसा वळली. "आई, तुला माहीत होतं?"

बोल ना, मी मनात म्हटलं. बोल आता. ब्रिटानं स्वतःच्या आईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो." मी केकचा दुसरा तुकडा घेतला. खोटं कशाला बोलू, इतका गोड केक मी जन्मात खाल्ला नव्हता.

घरी निघालो तेव्हा ऑर्विलनं गाडीत पट्टा लावला. मग म्हणाला, "शपथ मोडलीस."

"कुठे? सांता आहे की जागेवर. उलट आता प्रामाणिकही झालाय."

तो इतका हसला, की गाडी कडेला घेऊन त्याला श्वास घेऊ द्यावा लागला.

पुढे दर शनिवारी केंट टेसाला आमच्याकडे सोडायला लागला. गाईंची नावं पाठ झाली तिला, कुठली लाथ मारायची आणि कुठली गरीब होती तेही. ऑर्विल एप्रिलमध्ये गेला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. ब्रिटा माझ्याशेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले होते, रडली होती खरी. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "आई, टेसाला वेळेत कळलं, बरं झालं. तुमचे आभार कसे मानू?"

मी हात काढून घेतला.

"माझे कशाला? सांतानं कळवलंय," मी म्हटलं. "त्याला चिठ्ठी लिही. आठवड्याच्या आत."