व्लास्ताची शहरं

क्षितिजाच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि तातडीनं ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय, तेव्हा काही दिवस पालथंच पडून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. मोबाइल बंद, वाचन बंद. नवरा जयदीप रिफायनरीत कामाला गेला की कुवेतमधल्या फिंतासच्या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीशिवाय सोबत नव्हती. रडायचीही चोरी होती.

एका सकाळी दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधली व्लास्ता आत आली. साठीची, स्लोव्हाकियाची, शाळेत पियानो शिकवणारी. आजवर दोघींचं बोलणं लिफ्टपुरतंच.

"जयदीपनं किल्ली दिली," ती इंग्रजीत म्हणाली. "मला स्वयंपाक धड येत नाही. पण वाचून दाखवीन."

मग ती रोज यायची. पलंगाशी जमिनीवर बसून आपल्या भाषेतल्या पुस्तकांतल्या गोष्टी अडखळत इंग्रजीत सांगायची.

"तुमच्या गोष्टींत शहरात गेलेला माणूस दरवेळी बिघडतोच का हो?" क्षितिजानं एकदा उशीतूनच विचारलं.

व्लास्ता हसली. "जुन्या गोष्टी लिहिणारे बरेचसे गावाकडचे. शहरात जर्मन चालायची, हंगेरियन चालायची. ते शहर त्यांना आपलं वाटणार कसं?"

"आणि नंतर?"

"नंतर गावची माणसं कारखान्यांत आली, शहरातल्या नदीपलीकडच्या काँक्रीटच्या इमारतींत राहिली. त्यांची मुलं तिथेच वाढली. त्यांच्या गोष्टींत बंद पडलेली लिफ्ट असते, जिन्यातला कोबीचा वास असतो. कुणी बिघडत नाही, कुणी सुधारत नाही. माणसं राहतात."

लग्न होऊन इथे आल्यापासून 'कुवेत काय आपलं थोडंच आहे' हेच क्षितिजा नाशिकला फोनवर सांगत आली होती. पण पालथं पडल्यापासून तिला या इमारतीचे आवाज ओळखू येऊ लागले होते.

"वरच्या इजिप्शियन बाईंची मुलं शाळेतून आली की आधी धावतात, मग भांडतात," ती म्हणाली. "धाकटी जिंकते."

"नाव काय तिचं?"

इतकी वर्षं डोक्यावर राहणाऱ्या पोरीचं नाव क्षितिजानं कधी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी उठायची परवानगी दिली, त्या संध्याकाळी ती बेसनाचे लाडू घेऊन जयदीपच्या आधारानं वर गेली. धाकटीचं नाव मलक होतं. तिनं दोन लाडू उचलले आणि एक भावाला देऊन टाकला.

खाली आल्यावर क्षितिजानं व्लास्ताचं दार वाजवलं. आभार मानायचे ठरवून आली होती, पण तिनं नुसते तिचे हात हातात घेतले.

"आता तुला माझी गरज नाही," व्लास्ता म्हणाली.

"आहे. उद्यापासून मी समोर बसून ऐकणार. गोष्ट सांगताना तुम्ही दिसता कशा, ते मी अजून पाहिलंच नाही."