पाच जणींचा नाच

विक्रोळीच्या आमच्या चाळीत निम्मी घरं मालवणकडची. दुसरं महायुद्ध संपल्यावर इथल्या कारखान्यांना माणसं हवी होती, तेव्हा माझे पणजोबा गाववाल्यांसोबत आले. येताना गावची पूजा आणली, आणि कोणाच्या घरचं पाणी प्यायचं हेही आणलं.

सपना मागच्या गल्लीतली, बुद्धविहाराशेजारची. तिचे आजोबा धोंडिराम जालन्याकडून आलेले. आठवीपासून आम्ही एका बाकावर. चाळीच्या पूजेला आम्ही पाच जणी नाचायचो आणि नाच सपनाच बसवायची.

दहावीची परीक्षा झाली आणि ती नि आमच्या चाळीतला सुयोग गच्चीवर गप्पा मारत बसायला लागले. आम्ही सगळे त्यांना चिडवायचो. एप्रिलमध्ये सुयोगच्या आईने त्याच्या फोनवर सपनाचे मेसेज पाहिले. दुसऱ्या दिवशी पूजा मंडळाच्या नंदाकाकू घरोघर सांगून गेल्या, की यंदा फक्त चाळीतल्याच मुली नाचतील. सपनाला आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून सुयोगनेच काढलं. कोणी काही लिहिलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी ती आमच्या दारात आली. आत ये म्हटलं, तर आली नाही.

"तू नाचणारेस?"

आई ओरडेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"दुसऱ्या कडव्यात श्वेता उलटी वळते. तिला सांग," म्हणाली आणि गेली.

आम्ही चौघी नाचलो. श्वेता वळायला चुकली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पावसाळ्यानंतर त्यांची गल्ली रस्ता रुंदीकरणात गेली आणि त्यांना मानखुर्दला सातव्या मजल्यावर खोली मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत मी पत्ता काढून गेले. सपनाने चहा केला, पोहे केले. कॉलेजच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. त्यांना म्हणाली, "ही श्रुतिका. शाळेत होती माझ्या." मग त्या तिघी कुठल्याशा सरांवर हसत राहिल्या. मी ऐकत बसले.

ती मला खाली सोडायला आली. लिफ्टमध्ये मी म्हटलं, "सपना, माझं चुकलं गं."

"सुयोगचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "तो घाबरटच होता. तू नाचायला नाही म्हणशील असं वाटलं होतं. पूजेच्या दिवशी मी आवरून बसले होते, तू येशील म्हणून."

आम्ही खाली आलो. तिने रिक्षा थांबवली आणि स्टेशनला सोडा म्हणून सांगितलं. रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत होते. ती केव्हाच आत गेली होती.