पत्ता टाकला होता

रुमालाच्या एका टोकाला गाठ मारलेली होती, ओढून ओढून बारीक झालेली, आणि तो रुमाल की-बोर्डवर अशा बेताने पसरला होता की तो उचलल्याशिवाय एकही अक्षर टाइप करता येऊ नये. निळ्या रेघांचा, धुऊन धुऊन विरलेला, पण इस्त्रीच्या घड्या अजून शाबूत. ती काकांच्या खुर्चीत बसली होती आणि तो उचलावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. दुसऱ्याच्या रुमालाला हात लावायचा म्हणजे… आणि गाठ कशाची आहे ते तर तिला चांगलंच माहीत होतं. मागे एकदा काकांनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ''पत्ता टाकायचं लक्षात राहावं म्हणून मारलीय. कॉम्प्युटरला मारता येत नाही ना, मग रुमालाला.'' सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि आता आठवताना वाटत होतं, जरा जास्तच हसली होती.

ऑफिसात त्यांना सगळेच काका म्हणत, मॅडमसुद्धा. काका लोखंडी रॅक विकत—गोदामांना, दुकानांना, छापखान्यांना. सगळा जन्म त्यांनी हे काम गिऱ्हाइकाच्या दारात बसून केलं, आणि आता उतारवयात कंपनीचं ऑनलाइन दुकान त्यांच्या गळ्यात पडलं. गिऱ्हाईक तिथे माल निवडतं, कोटेशन मागतं. काका ते उघडतात, दर ठरवतात, पाठवतात. हे दुकान नीट चालतंय ना, एवढं पाहणं हे तिचं काम. आणि गेले काही महिने काकांच्या कोटेशनांतला कर चुकत होता. चुकत होता म्हणजे शून्य येत होता. माल जाणार कुठे त्यावर कर ठरतो; पोचवायचा पत्ताच नसेल तर हे दुकान विचारत नाही, अडवत नाही, मुकाट्याने शून्य लिहून मोकळं होतं. मग गिऱ्हाईक ऑर्डर द्यायला बसतं, पत्ता भरतं, आणि दाराआड लपलेल्या माणसासारखा कर एकदम पुढे येतो. की लगेच फोन—काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. काका, तुम्ही शब्द फिरवलात.

काका फोन ठेवत आणि तिच्या टेबलाशी येऊन उभे राहत. ''मी पत्ता टाकला होता गं,'' एवढंच म्हणत.

तेव्हा ती बोलली होती ते वाक्य. ''काका, तुम्ही विसरत असाल.'' बोलताना ती त्यांच्याकडे पाहतसुद्धा नव्हती, खणात चार्जर शोधत होती. वाक्य दुष्टपणाने म्हटलेलं नव्हतंच—हे ती गेल्या काही दिवसांत स्वतःला इतक्यांदा सांगून चुकली होती की आता त्यात दम राहिला नव्हता. तिने स्वतःच्या टेबलावर तपासलं होतं, कर बरोबर येत होता. बाकीच्या कुणाचं कोटेशन चुकत नव्हतं. सगळ्यांचं बरोबर आणि एकट्या काकांचं चूक, याचा दुसरा अर्थ काय लावायचा? मॅडमनी विचारलं तेव्हा तिने तेच सांगितलं, काकांच्या देखत, आणि वर हसून म्हणाली, ''वय झालं की व्हायचंच.''

काकाही हसले होते. पण त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट तिला माहीत होती. जिन्यात लाइट गेले असताना काकांनीच ती सांगितली होती—भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्याच दारात किल्ली घेऊन उभे राहायचे आणि शेजाऱ्यांना विचारायचे, हे घर कुणाचं. सुरुवात कशाने झाली, तर छत्री विसरण्याने. काका म्हणाले होते, ''मला मरणाचं काही वाटत नाही बघ. पण असं नको.'' हे तिला ते वाक्य बोलायच्या आधीपासून माहीत होतं. आधीपासून! इथे येऊन विचार थांबायचा आणि पुन्हा मागे फिरायचा.

त्यानंतर काका गप्प होत गेले. आलेलं प्रत्येक कोटेशन छापून घ्यायचे, बोट ठेवून वाचायचे. गेल्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन मॅडमना सांगितलं, माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या कुणाला द्या, मी आता घरी बसतो. मॅडम ''अहो, काय घाई आहे'' म्हणाल्या, पण म्हणायचं म्हणून. आज त्या गिऱ्हाइकांची वाटणी होती. एका बेकरीचं कोटेशन तेवढं अडकलं होतं, आणि मॅडम सकाळी तिला म्हणाल्या होत्या, ''त्यांच्याजवळ बसून एवढं निस्तरून दे, म्हणजे जाताना तरी गडबड नको.''

''बसलीस? बस, बस. खुर्ची मऊ आहे, माझ्यापेक्षा तीच जास्त झिजलीय.'' काका चहाचा कप घेऊन आले. ती उठली.

''तुम्ही करा काका. नेहमी करता तसं. मी नुसती बघते.''

असं ती पहिल्यांदाच म्हणत होती. इतक्या दिवसांत, इतक्या तक्रारींत, आपण या माणसाला काम करताना एकदाही पाहिलं नाही हे तिला ते म्हणताना कळलं.

काकांनी रुमाल उचलून गुडघ्यावर ठेवला. कोटेशन उघडलं. आणि सगळ्यांत आधी पत्ता—एका बोटाने, मोठ्याने म्हणत, बेकरीची मागची बाजू, जुनं गोदाम, लोखंडी फाटकाच्या आत. टाकून झाल्यावर पाटी दाखवणाऱ्या मुलासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कर बरोबर आला होता.

''दर नाही घालत?''

''तो शेवटी. आधी माणसाशी बोलायचं. आकडा आधी सांगितला की बोलणं संपतं गं.''

त्यांनी फोन लावला. बेकरीवाल्याचा गुडघा कसा आहे, नवी भट्टी धूर करते का, रॅक भिंतीला लावणार की मधे. मधे नको, पिठाची पोती आदळतात, वाकेल. ती ऐकत होती. यांतलं काहीही कोटेशनच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ''आणि हो, तुमच्यासाठी थोडं कमी करतो,'' काका म्हणाले, फोन खांद्यात धरला, दर खाली आणला, बटण दाबलं आणि हसत खिडकीकडे वळले. कॉम्प्युटरचा पडदा एकदा लुकलुकला.

पत्त्याची जागा रिकामी होती. कराच्या जागी शून्य.

ती पुढे वाकली. दर बदलला की दुकान कोटेशनची नवी प्रत काढतं. जुन्या प्रतीतलं काय नव्या प्रतीत न्यायचं, हे तिने ठरवलेलं—मागे एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटेशनला भलत्याच गावचा कर चिकटत होता, जुना पत्ता पुढे येतो म्हणून, तेव्हा घरी जायच्या घाईत तिने 'पत्ता पुढे न्या' समोरची खूण काढून टाकली होती. तक्रार थांबली. कसं झटक्यात काढलं, म्हणून ती स्वतःवर खूश झाली होती… बाकीचे सगळे आधी दर घालतात आणि मग पत्ता, कारण त्यांना बोलायचं नसतं, उरकायचं असतं. तीही तपासताना तसंच करायची. एकटे काका दर शेवटी घालायचे. माणसाशी आधी बोलतो म्हणून एकट्याचाच पत्ता पुसला जायचा, दर वेळी, त्यांची पाठ वळली की.

आणि तिने काय केलं, तर हात पुढे करून, काका खिडकीकडून वळायच्या आत, तो पत्ता पुन्हा भरून पाठवून टाकला. चोरासारखा. का? त्यांना दिसू नये म्हणून, की मी दिसू नये म्हणून? तेव्हा काही ठरवलंच नव्हतं, हात गेला. हातांना आपल्यापेक्षा आधी कळतं, काय लपवायचं ते.

''गेलं ना बरोबर?'' काकांनी फोन ठेवत विचारलं.

''हो.''

''बघ. कुणी जवळ बसलं की नाही चुकत माझं.'' त्यांचा चेहरा इतका निवळला होता की तिला तिथे बसवेना.

आपल्या टेबलावर येऊन तिने ती खूण परत लावली. या वेळी अर्धवट नाही, गिऱ्हाईक तेच असेल तरच पत्ता पुढे जाईल असं बांधून. मग काकांसारखं करून पाहिलं: आधी पत्ता, मग थोडं थांबून, मग दर. थांबताना तिला बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती नुसतीच बसून राहिली. कर जागचा हलला नाही. एवढंसं काम होतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ''सुटलो बाई! आणि आता काकांचं मन वळवायला जाऊ नकोस, त्यांनाच नकोय ते.'' कुणाची चूक, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी निघताना नवऱ्याने विचारलं होतं, किल्ली घेतलीस ना? ''घेतली,'' म्हणाली आणि जिना उतरली, पर्समध्ये पाहिलंही नाही. आपल्याला आपली खात्री असते. ती काकांकडून काढून घेतली मी, चार्जर शोधता शोधता.

काका खण रिकामा करत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

''काका, पत्ता तुम्ही टाकला होता. दर वेळी टाकला होता. चूक माझी होती.''

तिने त्यांना सगळं दाखवलं—खूण काढून, पत्ता टाकून, दर बदलून. पत्ता गेला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, मग ''पुन्हा कर'' म्हणाले. तिने पुन्हा केलं.

''अरेच्चा,'' ते म्हणाले.

आता ओरडतील, तिला वाटलं. ओरडावं. म्हणावं, म्हणजे इतके दिवस तू मला वेड्यात काढलंस? ती मान खाली घालून त्याची वाट पाहत होती, भुकेल्यासारखी.

''हुशार आहेस,'' काका म्हणाले. ''पण हे एक झालं गं. परवा हिची औषधं आणायला गेलो आणि नुसताच परत आलो. मोरीतला नळ चालू राहिला. शेजारच्यांचं नाव… समोर उभे होते, नाव येईना.''

''असं सगळ्यांचंच होतं काका. माझंही होतं.''

''होत असेल. पण आपण शोधत नाही तोवर सापडत नाही. मी शोधायला लागलो.'' आवाजात तक्रार नव्हती. ''जाऊ दे. तू येऊन सांगितलंस, मनाची मोठी आहेस.''

हे मात्र फार झालं. तिला वाटलं इथेच बसून रडावं, पण आजूबाजूला टेबलं होती, माणसं होती. काकांनी गुडघ्यावरचा रुमाल खिशात घालायला उचलला आणि मधेच थांबले. टोक बोटांत धरून त्यांनी गाठीकडे पाहिलं.

''ही गाठ कशाची गं?''

थट्टा करताहेत. तिने त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली—ओठांच्या कोपऱ्यात, भुवईत, जिथे नेहमी असायची तिथे. डोळे नुसते थांबले होते, उत्तराची वाट पाहत, शहाण्यासारखे.

आणि तेवढ्यात, एका श्वासापुरता, तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे खरंच विसरतात. म्हणजे माझ्यामुळे नाही. म्हणजे… छातीवरून कुणीतरी हात काढून घ्यावा तसं हलकं, मोकळं वाटलं, आणि आपल्याला काय वाटलं हे तिला त्याच श्वासात कळलं. मी आत्ता काय मागितलं? या माणसाला तो आजार असू दे, म्हणजे मी सुटले—हे मागितलं? कुणी ऐकलं नव्हतं. तिने ऐकलं होतं.

''पत्त्याची,'' ती म्हणाली.

''हां. पत्त्याची, पत्त्याची.'' त्यांनी मान डोलावली. आठवलं म्हणून डोलावली, की तिचं मन राखायला, ते कळेना. त्यांनी नखांनी गाठ सोडवून पाहिली, सुटेना. तिने हात पुढे केला आणि त्यांनी तो रुमाल तिच्या हातात दिला, अगदी सहज, घरच्या माणसाला द्यावा तसा.

ती गाठीत नख घालत राहिली. त्यांना काही झालेलं नसू दे, ती मनात म्हणू लागली, काही झालेलं नसू दे, माझीच चूक असू दे, सगळी माझीच—पुन्हा पुन्हा म्हणू लागली, आणि दर वेळी थांबून ऐकू लागली, आपण हे खरं म्हणतोय का.