रंगनाथची पकड

मित्रांनो, पत्र्याच्या चकत्या पाडणारा मी पॉवर प्रेस. १९९१ साली सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आलो, तेव्हा मला हार घातला होता. माझं मोठं चाक फिरतं, माणूस पायडल दाबतो, पत्रा कापणारा माझा पंच खाली येतो. धप्प. एवढंच मला येतं. मध्येच थांबणं येत नाही.

सायखेड्याचा रंगनाथ माझा पहिला कारागीर. पहिल्याच वर्षी मी त्याच्या उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं पहिलं बोट अर्धं कापलं.

धप्प.

तो परत आला. आता अंगठा आणि मधल्या बोटात पत्रा धरू लागला. अर्धं बोट समोर ताठ राहायचं, पण ते पंचापर्यंत पोचत नव्हतं. या पकडीत तो इतका तरबेज झाला, की मालक सगळ्यांना म्हणायचे, "रंगनाथचा हात बघा!"

२००३ साली वर्कशॉप झाडणारी, पेठकडची नवसाबाई झाडू सोडून माझ्यावर काम शिकायला आली. पत्रा धरायला चिमटा होता.

"बाई, चिमटा घ्या," रंगनाथ म्हणाला.

"तुमी कुठं घेता, दादा?"

"माझं सोडा. मला सवय हाय."

"मंग मला बी होईल."

शेजारी लेथवर सहादू हसला. "होणारच! रंगनाथ नंबर दोन!"

आठ दिवस ती त्याचा हात बघत उभी राहिली. नवव्या दिवशी स्टुलावर बसली. अंगठा, मधलं बोट. पहिलं बोट समोर ताठ, हुबेहूब त्याच्यासारखं.

फक्त तिचं बोट पूर्ण होतं.

धप्प. चकती. धप्प. चकती. मला वरून दिसत होतं, बोट दर वेळी थोडं पुढे...

धप्प.

रंगनाथने तिचा हात आपल्या रुमालात गुंडाळला. "बोट पुढं कशाला काढलं, बाई?"

"तुमचंच बघून, दादा."

तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

पावसाळ्यात ती भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गावी गेली. परत आली तेव्हा झाडूच हातात घेतला. रंगनाथने विचारलं, "हात चालतो का?"

"चालतो. मधल्या बोटानं लावते रोपं. पर माझी सरिता बी तसंच लावाया लागली. सात वरसांची हाय. धडधाकट बोट असं वर धरती."

"सांगायचं ना तिला."

"सांगते की. हो म्हणती, अन् परत तसंच."

रंगनाथने माझं चाक बंद केलं. त्या दिवशी परत सुरू केलं नाही.

आता मी गंजलोय, मित्रांनो. तेलपाणी मागत नाही. एकच सांगतो. नवसाबाई आठ दिवस त्याच्याजवळ उभी होती. "दादा, तुमी असं का धरता?" एवढं तिने विचारलं नाही, आणि त्यालाही सांगायचं सुचलं नाही. तुम्ही कुणाचं बघून शिकाल, तेव्हा विचारा. तुमचं बघून कुणी शिकत असेल, तर त्याने विचारायची वाट बघू नका.